आधी दार मोजा

साताऱ्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपंगत्व आलेल्या माणसाला कोणतं साधन लागेल, ते कुठून घ्यायचं आणि घेतल्यावर ते वापरात कसं राहील, हे ठरवण्यात माझा बराचसा दिवस जातो. जुलै महिन्यातला हा एक मंगळवार.

सकाळी ७.१५

चहा उकळतोय तोवर फोनवर पहिला निरोप येऊन पडलेला. "मॅडम, ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे. मागवून टाकू का?" सोबत बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरची लिंक. जॉयस्टिक, लिथियम बॅटरी, घडी होणारा सांगाडा आणि लाखाच्या घरातली किंमत. मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडील कोरेगावजवळच्या गावात. वडिलांना मध्यंतरी पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत आहे, तेव्हा जॉयस्टिक जमेल, असा मुलाचा हिशेब.

मी त्याला दोन कामं सांगते. एक, घरातल्या प्रत्येक दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजून कळव, न्हाणीघरासकट. दोन, दुपारी आईला नीट पाहायला सांग, की बाबा ताटाच्या डाव्या बाजूचं खातात का.

दुसऱ्या कामावर त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. पाहून सांग, मग बोलू, म्हटलं.

सकाळी ९.१५

आज पहिल्या आलेल्या ताई शिवणकाम करतात. मणक्याच्या क्षयाने कमरेखालची ताकद गेली आणि संवेदनाही गेली. एका शिबिरात मिळालेल्या खुर्चीत त्या दोन वर्षं बसतायत. खुर्ची नेहमीची, अठरा इंची, म्हणजे ४६ सेंटिमीटर रुंद बैठकीची. दवाखान्यात कुणालाही बसवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायला ती ठीक असते. ताईंची कमर भरली ३४ सेंटिमीटर. उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना जुन्या चादरी कोंबल्या आहेत. चाकापर्यंत हात पोचवायला खांदे फाकवावे लागतात, आणि सगळा भार डाव्या कुल्ह्यावर घेऊन बसायची सवय लागली आहे.

मापं फार नसतात, पण ती माणसाला सरळ बसवूनच घ्यावी लागतात. बैठकीची रुंदी कमरेइतकी, फार तर बोटभर जास्त. खोली मोजायची पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करायचे. खोली जास्त झाली की खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते, मग माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो. पायपट्टीची उंची गुडघ्यामागून टाचेपर्यंत. स्वतः चाक मारणाऱ्या माणसाची पाठ खांद्याच्या पात्यांखालीच संपलेली बरी, म्हणजे हात मोकळे राहतात.

यानंतरची तपासणी हाताने करायची असते. ताईंना विचारून मी तळहात वर करून बोटं त्यांच्या बैठकीच्या हाडाखाली सरकवते. बोटांची टोकं थोडी वरखाली हलवता आली तर दाब सोसण्यासारखा आहे. उजवीकडे हलली. डावीकडे बोटं हाड आणि कापडाच्या मध्ये घट्ट अडकली, काढताना ओढावी लागली. ज्याला संवेदना आहे तो एका जागी बसून अवघडला की आपसूक हलतो. ताईंना तो इशारा येतच नाही. तिथली कातडी लाल होते, मग काळवंडते, आणि जखम झाली की भरून यायला महिने लागतात. त्या महिन्यांत बसायचं नाही, म्हणजे शिवणही बंद.

म्हणून खुर्चीच्या आधी गादीचं बोलणं. हवेच्या कप्प्यांची गादी दाब उत्तम वाटून देते, पण हवा कमी-जास्त झाली की तिचा उपयोग संपतो, आणि मशीनखाली सुया-टाचण्यांचा सडा असतो. जेलची जड. ताईंसाठी हाडांच्या जागी खोलगट कोरलेली, दोन थरांच्या फोमची गादी ठरते. हाताने पुन्हा तपासते, आता दोन्हीकडे बोटं हलतात. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून भार हलका करायचा, हेही शिकवते.

ताई एवढा वेळ गप्प होत्या. आता विचारतात, "पण मॅडम, गुडघे मशीनखाली जातील का? हाताचा दांडा फळीला अडतो, म्हणून मी लांब बसते आणि वाकते." माझ्या तक्त्यात हे माप नव्हतं. दांडा काढता-घालता येणारा हवा आणि मशीनच्या फळीखालची उंची मोजून आणायची, असं कागदावर चढतं. मशीन पायाने चालवायचा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलाय. मोटर बसवून तिचा पायाने दाबायचा खटका त्यांनी हाताशी घेतलाय, गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून.

सकाळी ११.१५

मामा शेतकरी. मधुमेहाने पायाला गँगरीन झालं, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. सोबतच्या मुलाच्या मोबाइलमध्ये कार्बन फायबरच्या पात्यावर धावणाऱ्या खेळाडूचा व्हिडिओ. "असला पाय बसवायचा. पैशाचं बघू."

मामांना विचारलं. "मला काय पळायचं न्हाई. रानात चिखलात उभं ऱ्हायचं हाय, आन् पंगतीला मांडी घालून बसायचं हाय."

या दोन वाक्यांत निम्मी निवड झाली. जयपूर फूट जन्माला आलं ते अशाच गरजेतून. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. पी. के. सेठी यांनी ते घडवलं. बाहेरून रबर, बुटाशिवाय वापरता येणारं, पाण्यात चालणारं, उकिडवं बसता येईल इतकं घोट्यात वाकणारं. कार्बनचा पाय टाकलेल्या पावलाची ऊर्जा परत देतो, भरभर चालणाऱ्याला तो फार उपयोगी. मामांच्या रानात मात्र त्याच्या किमतीचं चीज होणार नाही.

पण आमचे प्रॉस्थेटिस्ट पावलाच्या चर्चेत रमत नाहीत. त्यांचं लक्ष खुंटाकडे, म्हणजे उरलेल्या पायाकडे. सगळं वजन पेलतं ते सॉकेट, खुंट ज्यात बसतो तो साचा. पाऊल कितीही भारी घेतलं आणि सॉकेट चुकलं, तर पाय खुंटीला टांगून राहतो. मामांच्या खुंटाचा घेर सकाळी एक आणि संध्याकाळी एक भरतोय, सूज अजून ओसरलेली नाही. आज साचा घेतला तर दोन महिन्यांत तो ढिला पडेल. म्हणून आज माप नाही. इंग्रजी आठच्या (8) आकारात पट्टी कशी बांधायची ते मुलाला शिकवलं, आणि मामांच्या शाबूत पायाचा तळवा तपासला. तिथली संवेदनाही कमी झालीय. नव्या पायाआधी हा पाय सांभाळा, अनवाणी फिरू नका आणि रोज रात्री तळवा कुणाला तरी दाखवा, असं सांगितलं. मुलगा थोडा हिरमुसला. मामा म्हणाले, "बरं, पट्टी तर पट्टी."

दुपारी १२.३०

मंगळवारी आमच्याकडे ऑडिओलॉजिस्ट येतात. आज्जींच्या नातवाने ऑनलाइन मागवलेलं कानाचं मशीन आज्जींनी डब्यात घालून आणलंय. "भांडी वाजली की डोस्क्यात जातंय. माणसाचं बोलणं काय कळंना." ते यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करतं. वयोमानाच्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, त यांसारखी व्यंजनं निसटतात आणि 'सात' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. तेव्हा आधी ऑडिओग्राम काढायचा आणि त्यावरून प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा बसवता येईल असं डिजिटल यंत्र निवडायचं.

त्यापुढची परीक्षा मी घेते. यंत्राच्या झाकणातला सेल आज्जींनी स्वतः बदलायचा. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांतून सर्वांत छोटा सेल दोनदा खाली पडला. जरा मोठा, नारिंगी स्टिकरचा १३ नंबरचा सेल जमला. स्टिकर काढला की सेल हवेने चालू होतो आणि वापरा न वापरा, उतरत राहतो, हे सुनेला दाखवून ठेवलं. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आमच्याकडे पाटण, जावळीकडून बंद पडून येणारी यंत्रं बहुतेक ओलीने गेलेली असतात.

दुपारी १.४५

डबा उघडला आणि फोन. एक देणगीदार. वडिलांच्या स्मरणार्थ पंचवीस व्हीलचेअर वाटायच्या आहेत, तारीख ठरलीय, मंडपही सांगितलाय. "फक्त पंचवीस लाभार्थी द्या."

मी म्हटलं, "खुर्च्या नंतर पाठवा, आधी माणसं मोजू द्या." जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर देण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात आठ पायऱ्या आहेत. माणूस आपल्यापर्यंत पोचणं, तपासणी, शिफारस, पैसा आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगावर बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी देखभाल व फेरतपासणी. मंडपातल्या वाटपात यातल्या चौथीवरून थेट टाळ्यांवर उडी पडते. मी त्यांना सुचवलं, त्याच पैशात खुर्च्या कमी करू, पण मापाच्या घेऊ, प्रत्येकीसोबत गादी देऊ आणि टायर-बेअरिंगसाठी थोडी रक्कम राखून ठेवू. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्यांचं मन मोठं आहे, बहुधा ऐकतील.

मग कागद. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेल, तर केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर साधनं मिळतात. त्यांतली पुष्कळशी कानपूरच्या एलिम्कोत बनतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे खुद्द ग्रामसभेत बसणाऱ्यांनाही अनेकदा सांगावं लागतं. अर्ज कुठेही करा, मी शिफारसपत्रात 'व्हीलचेअर, नग १' एवढंच लिहीत नाही. बैठकीची रुंदी, खोली, निघणारे दांडे, गादीचा प्रकार, चाकाचा प्रकार सगळं लिहिते. कागदावर माप नसेल तर स्वस्तातली अठरा इंची येते, आणि देणाऱ्याला दोषही देता येत नाही.

दोन वाजता पुण्याच्या मुलाचा निरोप. "आईने पाहिलं. भाजी, पोळी, आमटी संपवली. चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच. आम्हाला वाटत होतं तिखट नको म्हणून ठेवतात."

त्याला फोन केला. काही जणांना पक्षाघातानंतर डाव्या बाजूचं भानच उरत नाही. डोळ्यांना दिसत असतं, पण मेंदू तिकडची दखल घेत नाही. ताट अर्धं फिरवून दिलं की तीच चटणी खातील. अशा माणसाच्या हाती आज जॉयस्टिक दिली तर खुर्चीचं डावं अंग प्रत्येक चौकटीवर आदळेल, आणि लुळा हात मध्ये सापडला तर दुखलेलंही पटकन कळणार नाही. सध्या मागून ढकलायची साधी खुर्ची घ्या, दांडा निघणारी, म्हणजे पलंगावर सरकता येईल. डावीकडे लक्ष जावं म्हणून व्यायाम आहेत, ते सुरू करू. बॅटरीचं तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग, "न्हाणीघराचं दार बावीस इंच भरलं. ही तशीही आत गेली नसती."

दुपारी ३.००

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, जन्मापासून अंध. एका हितचिंतकाला त्याला कॅमेरा लावलेला, समोरचं वाचून दाखवणारा चष्मा भेट द्यायचाय. पण विद्यार्थ्याची अडचण वेगळीच आहे. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेलं हे स्क्रीन रीडर फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आयताच असतो. तरीही नोट्स वाचता येत नाहीत.

त्याने फाइल उघडून ऐकवली. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं, सगळा कालवा. नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना तिथे स्वच्छ मराठी दिसते, पण यंत्राला आत इंग्रजी कळांचे ठोकळेच सापडतात. दुसरी फाइल तर पानांचे नुसते फोटो. यातली पहिली फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायची, दुसरी अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायची. दोन्ही त्याला करून दाखवलं. दुसऱ्या फाइलच्या वेळी तो माझ्यापेक्षा झपाट्याने करत होता. पुढच्या नोट्स युनिकोडमध्येच द्याव्यात, असं प्राध्यापकांना पत्र दिलं. पत्राला पैसा लागत नाही.

चष्मा त्याने अर्धा तास घालून पाहिला. छापील मजकूर बरा वाचला, पण इंटरनेट गेलं की अर्धी कामं ठप्प. "मॅडम, यापेक्षा काठीचं बघा. एसटी स्टँडवर खालचं सगळं काठीला लागतं, पण गाडीचा आरसा तोंडावर येतो." आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन नेमकी याचसाठी आहे. पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसवायचं हे यंत्र श्राव्यातीत ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचा अडथळा हेरतं आणि मुठीत थरथर जाणवते. अंतर बदललं की थरथरही बदलते. नमुन्याची आमच्याकडे आहे, आठवडाभर घेऊन जा म्हटलं. हितचिंतकांना कळवायची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली.

दुपारी ४.४५

पावसाने उघडीप दिली तसे गावाकडे निघालो. चिंचेच्या झाडावरून पडून मणका मोडलेला पंचविशीतला मुलगा. हातांत भरपूर ताकद. घरात एक बॅटरीची खुर्ची आधीच आहे. मुंबईच्या भावकीने वर्गणी काढून पाठवली होती. पहिल्या पावसाळ्यात चार्जर गेला, दुरुस्ती पुण्याला, आणि तिथवर न्यायला गाडीभाडं कुणी द्यायचं? आता तिच्यावर पेंडीचं पोतं ठेवलंय.

ओटा दीड फूट उंच. रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी धरायची, म्हणजे इथे अठरा फूट हवेत, आणि अंगण बारा फुटांत संपतं. मी रॅम्पला वळण कसं द्यायचं याचं चित्र काढत बसले. मुलगा खाटेवरून म्हणाला, "मॅडम, परसदारानं का न्हाई? गोठ्याचा कोबा घराच्या लेव्हललाच हाय, उंबरा तेवढा आडवा." जाऊन मोजलं. फरक चार इंच, म्हणजे चार फुटांचा रॅम्प. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

न्हाणीचं दार दोन फूट. नेहमीची अठरा इंची खुर्ची बाहेरून सव्वादोन फुटांच्या आसपास भरते, तेव्हा ती आत जाण्याचा प्रश्नच नाही. याच्या मापाची, चौदा इंच बैठकीची खुर्ची जेमतेम जाईल, पण चाक मारताना बोटं चौकटीला सोलपटतील. चौकट काढून पडदा लावायला आई तयार झाली. बाहेर चिखल, त्यात पुढची बारकी चाकं रुततात, म्हणून पुढचं चाक मोठं आणि रुंद हवं. मागचा टायर गावातल्या सायकलवाल्याकडे मिळणारा हवा. त्याला दुकानात जाऊन विचारलं, त्याने टायर काढून दाखवला.

मुलाने फोनवर मद्रास आयआयटीतून निघालेल्या निओमोशनचा व्हिडिओ पाहिलाय. मापाच्या खुर्चीला पुढून मोटरचं चाक जोडायचं, की ती रस्त्यावर चालते. त्याला रोज डेअरीवर दूध घालायला स्वतः जायचंय. हे त्याला जमण्यासारखं आहे. आधी साध्या खुर्चीवर तोल सांभाळायला शिकू, खाटेवरून खुर्चीत एकट्याने बसायला शिकू, मग त्याची चाचणी मागवू. डेअरीपर्यंतचा रस्ता त्याच्या भावाने मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा ठरला, खड्ड्यांसकट.

संध्याकाळी ७.३०

घरी आल्यावर फेरतपासणीची यादी. साधन देऊन झालेल्या लोकांना फोन करायचे. वापरता का, कुठे टोचतं, काय मोडलं? एका काकांची कुबडी बगलेत रुतत होती. काखेखाली दोन-तीन बोटं जागा सोडा आणि भार बगलेवर न देता मुठीवर द्या, हे फोनवर सांगून भागलं. एका मुलीची वर्षापूर्वीची खुर्ची आखूड झाली, ती वाढलीय. तिला शनिवारी बोलावलं. सगळ्यांचे फोन लागत नाहीत. न लागलेले उद्याच्या पानावर.

घरातल्या कुणासाठी असं काही घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढं करा. लिंक उघडण्याआधी टेप घेऊन घर मोजा. साधन वापरून माणसाला नेमकं काय करायचंय, ते त्याच्याच तोंडून ऐका. जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात एकदा तज्ज्ञाला दाखवा. विक्रेत्याकडे आठवडाभराची चाचणी मागा, आणि सुटा भाग कुठे मिळतो, दुरुस्तीला किती दिवस लागतात, हे पावतीवर लिहून घ्या. यातल्या कशालाही तो तयार नसेल, तर सूट कितीही मोठी असो, दुसरं दुकान बघा.